'मोहतरम' कोणाला म्हणायचे?

रमजानचा पहिला आठवडा सरला की गावोगावी इफ्तारची निमंत्रणे फिरू लागतात. पत्रिका बहुधा दोन भाषांत असते. मराठी बाजूला 'मा. श्री.' आणि पुढे टिंबांची रेघ, उर्दू बाजूला 'मोहतरम जनाब' आणि पुढे तशीच रेघ. नाव हाताने भरायचे. ही नावे भरायला चार माणसे बसली की यादी ठरलेलीच असते : आमदार, आजी-माजी नगरसेवक, ठाण्याचे निरीक्षक, दोन डॉक्टर, बाजारपेठेतले व्यापारी, एखादे मुख्याध्यापक. सगळे मोहतरम. ज्याने ती पत्रिका छापली तो, दुपारपासून कलिंगडे आणि पपया कापत बसणारी पोरे, सतरंज्या अंथरणारा, नंतर खरकटे काढणारी बाई यांच्या नावाची पत्रिका निघत नाही. त्यांना निरोप जातो, 'असरनंतर लगेच या रे.'

यात कोणाचा वाईट हेतू असतो असे नाही. सार्वजनिक कार्यक्रम असाच होतो, मग तो इफ्तारचा असो, गणेश मंडळाचा असो की पतसंस्थेच्या शाखेच्या उद्घाटनाचा. पण 'मोहतरम' हा शब्द ज्या कुळातला आहे ते कुळ पाहिले, तर त्याचा असा वापर पाहून थोडे थांबावेसे वाटते. आपण या शब्दाचा अर्थ 'मोठा माणूस' असा करून टाकला आहे. तो अर्थ त्या शब्दात मुळात नाही.

अरबी भाषेत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळापासून फुटतात. 'मोहतरम'चे मूळ ह-र-म. याच मुळातून 'हराम' येतो, आणि इथेच मराठी वाचक दचकतो. मराठीने या कुळातला नेमका कडू भाग उचलला : हराम, हरामी, हरामखोर, नमकहराम. त्यामुळे उर्दू कॅलेंडरवर वर्षाच्या पहिल्या महिन्याचे नाव 'मोहर्रमुल हराम' असे छापलेले कुणी वाचून दाखवले, तर ऐकणाऱ्याला ते महिन्याला घातलेल्या शिवीसारखे वाटते. मक्केतल्या ज्या मशिदीकडे तोंड करून जगभरचे मुसलमान नमाज पढतात तिचे नाव तर 'मस्जिदे हराम' आहे. दोन्हीकडे हरामचा अर्थ पवित्र, म्हणजे जिथे मर्यादा ओलांडायची नाही असा काळ किंवा असे ठिकाण. निषिद्ध आणि पवित्र हे दोन वेगळे अर्थ नाहीत, एकाच कुंपणाच्या दोन बाजू आहेत. सोवळ्यात असलेल्या माणसाला शिवायचे नाही आणि अपवित्र मानलेल्या वस्तूलाही शिवायचे नाही, हे मराठी घरांना समजावून सांगावे लागत नाही.

कुंपणाचा हा अर्थ एकदा ध्यानात आला की सगळे कुळ ओळखीचे होते. हजला जाणारा पुरुष न शिवलेल्या दोन पांढऱ्या कापडांचा 'एहराम' बांधतो आणि त्या अवस्थेत शिकार, केस कापणे, भांडणतंटा स्वतःला वर्ज्य करतो. ज्या नातेवाइकांशी लग्न होऊच शकत नाही ते 'महरम'. राजवाड्याचा परक्यांना मज्जाव असलेला भाग तो 'हरम'. ऐतिहासिक कादंबऱ्यांनी आणि सिनेमांनी त्याचे काय केले ते सोडून देऊ. ज्या चार महिन्यांत लढाई वर्ज्य मानली गेली, त्यांपैकी एक मोहर्रम. महाराष्ट्रात हा महिना मोहरम म्हणून घरोघरी ठाऊक आहे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत हिंदू-मुसलमान मिळून उभारतात, पण नावात दडलेला अर्थ फारसा कुणी विचारत नाही. 'हुरमत' हा शब्द जुन्या मराठीतही अब्रू, प्रतिष्ठा या अर्थाने चालत असे. आज तो पत्रव्यवहारात सापडेल, बोलण्यात नाही.

आणि 'एहतराम' म्हणजे ही हुरमत पाळणे. ज्याच्याबाबतीत ती पाळली जाते तो 'मोहतरम', स्त्री असेल तर 'मोहतरमा'.

संस्कृतातून आलेल्या 'आदरणीय'शी तुलना केली तर फरक लक्षात येतो. 'आदरणीय'मधला प्रत्यय लायकी सांगतो : आदर करण्याजोगा. म्हणजे आधी कुणीतरी पारख करायची, मग आदर द्यायचा. 'मोहतरम' लायकीबद्दल काहीच बोलत नाही. या माणसाभोवती एक रेघ आहे आणि ती ओलांडायची नाही, एवढेच तो सांगतो. त्याला जोडून येणारा 'जनाब'ही तसाच. त्याच्या जुन्या अर्थांत बाजू आहे, उंबरठा आहे. 'मोहतरम जनाब' म्हणताना बोलणारा दुसऱ्याच्या दाराशी थबकतो, आत शिरण्यापूर्वी. मोठेपणाचा अर्थ नंतर चिकटला, कारण लोक दाराशी थबकतात ते बहुधा मोठ्यांच्याच. गरिबाच्या दारात कुणी विचारून शिरत नाही.

हा केवळ शब्दकोशातला मुद्दा असता तर वर्तमानपत्राचे पान त्यासाठी खर्ची घालायची गरज नव्हती. पण इस्लामच्या इतिहासातल्या एका अत्यंत महत्त्वाच्या भाषणात नेमका हाच शब्द आला आहे. हिजरी सन १०, म्हणजे इ. स. ६३२. प्रेषित मुहम्मद (स.) यांची ती अखेरची हज. जमलेल्या लोकांना त्यांनी आधी विचारले, आजचा दिवस कोणता, हा महिना कोणता, हे शहर कोणते? उत्तरे सगळ्यांना माहीत होती. मग त्यांनी सांगितले ते असे : तुमचे रक्त, तुमची मालमत्ता आणि तुमची अब्रू एकमेकांसाठी तितकीच हुरमतीची आहे, जितका हा दिवस या महिन्यात, या शहरात.

या सांगण्याचे वजन कळायला ऐकणारे कोण होते ते पाहावे लागते. मक्केच्या हरमची मर्यादा त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. त्या हद्दीत झाड तोडायचे नाही, जनावराला हुसकवायचे नाही. इस्लामच्या आधीही, बापाचा खुनी जरी तिथे समोर आला तरी अरब माणूस त्याला हात लावत नसे, असे परंपरा सांगते. एका जागेबद्दलचा आणि एका महिन्याबद्दलचा हा धाक त्या समाजात पक्का होता. माणसाबद्दल तो नव्हता. प्रेषितांनी नवा नियम कोरा मांडला नाही. जे कुंपण लोक आधीच पाळत होते ते उचलून माणसाभोवती घातले. आणि रक्त व मालमत्ता यांच्या शेजारी, त्याच ओळीत, अब्रूला बसवले. म्हणजे चारचौघांत कुणाचा पाणउतारा करणे हे त्याचे घर लुटण्याच्या पंक्तीत आले.

त्यांचे एक सहकारी हजरत अब्दुल्ला इब्ने उमर यांच्याविषयी तिरमिजी यांच्या हदीससंग्रहात एक प्रसंग आहे. काबागृहाकडे पाहत ते म्हणाले, तुझी हुरमत किती मोठी आहे. पण श्रद्धावान माणसाची हुरमत अल्लाहजवळ तुझ्याहूनही मोठी आहे. तिथे 'श्रद्धावान' असा शब्द आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. मग इतरांचे काय, हा प्रश्न मिश्र वस्तीच्या गावात कुणी विचारला तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर दुसऱ्या प्रसंगात आहे. एक अंत्ययात्रा समोरून जात होती आणि प्रेषित उठून उभे राहिले. कुणीतरी सांगितले, हा तर एका यहुदी माणसाचा जनाजा आहे. त्यांनी उलट विचारले की, तो जीव नव्हता काय? कुरआनमध्येही जिथे मान दिल्याचा उल्लेख आहे, तिथे तो आदमच्या लेकरांना दिला आहे. त्यात धर्म, भाषा, बिरादरी यांची अट नाही.

आता हे सगळे घेऊन रमजानकडे परत येऊ. शहराशहरांत या महिन्यात रेशन किट वाटले जाते. पीठ, तांदूळ, साखर, तेल, डाळ, शेवया, खजूर. देणाऱ्यांची संख्या वाढते आहे ही आनंदाची गोष्ट. पण वाटप कसे होते? मांडव घातला जातो. मागे फ्लेक्स, त्यावर दात्यांचे चेहरे. खुर्च्यांवर मोहतरम मंडळी. समोर बायकांची रांग, हातात कूपन. एकेकीचे नाव पुकारले जाते, ती पुढे येते, पिशवीला चार-पाच पाहुण्यांचे हात लागतात, तिचाही एक हात लागतो आणि फोटो निघतो. तिने ओढणी किंवा पदर तोंडावर ओढलेला असतो. सांगणारा सांगतो, 'बाजी, इधर देखो.' रात्री तो फोटो गावातल्या पन्नास व्हॉट्सॲप गटांवर जातो. दुसऱ्या दिवशी तिची मुलगी शाळेत जाते आणि वर्गातल्या कुणीतरी तो पाहिलेला असतो.

गंमत म्हणावी की दैव, ह-र-म याच मुळातून आणखी एक शब्द आला आहे : 'महरूम'. ज्याला मिळालेच नाही तो, वंचित. (निधनवार्तेत कधीकधी 'मरहूम'च्या जागी 'महरूम' छापले जाते. मरहूम म्हणजे ज्याच्यावर ईश्वराची दया झाली तो. त्याचे मूळ र-ह-म, रहमचे. दोन अक्षरांची अदलाबदल आणि दया झालेला माणूस वंचित होऊन बसतो.) कुरआनमध्ये महरूमचा उल्लेख भीक घालण्याच्या संदर्भात येत नाही. श्रद्धावानांच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि महरूमचा हक्क आहे, असे तिथे म्हटले आहे. मागणारा आणि महरूम, असे दोन वेगळे. भाष्यकारांपैकी काहींनी महरूमचा अर्थ असा लावला की, जो लाजेने मागत नाही आणि म्हणून देणाऱ्यांच्या नजरेतून सुटतो तो. उर्दूत अशा माणसाला 'सफेदपोश' म्हणतात. अंगावर स्वच्छ पांढरे कपडे, घरात चूल कधीची थंड. यंत्रमागाचे काम बंद पडलेले, रिक्षाचा हप्ता थकलेला, नवरा आजारी असलेली शिवणकाम करणारी बाई, अशी माणसे प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. ती कूपनच्या रांगेत उभी राहत नाहीत, आणि फोटोच्या रांगेत तर मुळीच नाही. फ्लेक्सवाल्या वाटपाने ज्यांच्यापर्यंत पोचायचे होते नेमके तेच निसटतात.

जकातचा कायदा या बाबतीत वाटपकर्त्यांपेक्षा कितीतरी हळुवार आहे. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के ही जकात अनेकांना माहीत आहे. पण ती देताना 'ही जकात आहे' असे घेणाऱ्याला सांगण्याची गरज नाही, देणाऱ्याच्या मनात नियत असली की पुरे, हे कमी लोकांना ठाऊक असते. ईदी म्हणून द्या, मुलांच्या कपड्यांसाठी म्हणून द्या, भेट म्हणून द्या, जकात अदा होते. फिकहच्या जाणकारांनी ही सवलत देणाऱ्याच्या सोयीसाठी ठेवलेली नाही, घेणाऱ्याची मान वर राहावी म्हणून ठेवली आहे. दान देऊन नंतर ते बोलून दाखवणे आणि त्या माणसाला टोचणे, याने दान वाया जाते असेही कुरआनमध्ये बजावले आहे. कॅमेरा नसलेल्या काळातली ही ताकीद आहे.

एहतराम या शब्दाची आणखी एक ओढाताण रमजानमध्ये दिसते. 'एहतरामे रमजान' म्हणजे रमजानचा मान राखणे. मुस्लीम वस्तीतली हॉटेले दिवसा दारावर पडदा सोडतात. आत चहा मिळतो, जेवणही मिळते. आजारी माणूस, प्रवासी, गवंडीकामावरचा मजूर, मुसलमान नसलेला गिऱ्हाईक पडदा बाजूला करून आत जातो. पडद्याबाहेरचा विचारत नाही, आतला सांगत नाही. ही रीत कुणी फर्मान काढून आणलेली नाही, आणि म्हणूनच ती सुंदर आहे. शेजारच्या पाकिस्तानात मात्र १९८१ साली, जनरल झिया उल हक यांच्या राजवटीत, 'एहतरामे रमजान' या नावाचा वटहुकूमच निघाला. रोजाच्या वेळात सार्वजनिक ठिकाणी खाण्यापिण्यावर बंदी आली, मोडणाऱ्याला कैद आणि दंडाची तरतूद झाली. शब्द तोच, पण कुंपण उलटे फिरवलेले. ज्याने स्वतःला आवरायचे त्याने दुसऱ्यावर पहारा ठेवायचा. कुरआनने आजाऱ्याला आणि प्रवाशाला सूट दिली. पोलिसाच्या दंडुक्याला रस्त्यात पाणी पिणारा माणूस आजारी आहे की प्रवासी, हे कळत नाही.

इकडे कार्यालयांत आणि महाविद्यालयांत वेगळाच अवघडलेपणा असतो. शेजारच्या टेबलावरचा सहकारी रोजा आहे हे कळले की बाकीचे डबा घेऊन दुसऱ्या खोलीत जातात, पाणी पितानाही पाठ फिरवतात. ही त्यांची माणुसकी आहे आणि रोजा ठेवणाऱ्याला ती कळते. पण एक गोष्ट सांगायला हवी : समोर कुणी खाल्ल्याने रोजा मोडत नाही, कमीही होत नाही. उलट 'अहो, बसा, इथेच जेवा' असे म्हणणे हे त्याचे काम आहे. कितीतरी रोजेदारांच्या पदरात भुकेशिवाय काही पडत नाही, असा इशारा हदीसमध्ये आहे, आणि त्याचा संबंध समोरच्याच्या डब्याशी नाही, रोजेदाराच्या स्वतःच्या जिभेशी आहे. दिवसभर पाणी न पिता संध्याकाळी सिग्नलवर रिक्षावाल्याला आईवरून शिवी घालणारा रोजेदार आपले सगळे कष्ट वाया घालवतो.

जिभेचा विषय निघाला म्हणून संबोधनांविषयी. काही जणांना वाटते की अहो-जाहो केले, 'आप' म्हटले की एहतराम झाला. तसे असते तर सोपे होते. मराठी माणूस आईला 'अगं आई' म्हणतो आणि विठोबाशीही एकेरीतच बोलतो. उर्दूत दुआ मागताना अल्लाहला 'तू'च म्हणतात. 'आप' म्हटले तर कानाला परके वाटेल. एकेरीत अंतर नाही, पण अवमानही नाही. दुसरीकडे, भाड्याने घर बघायला आलेल्या माणसाला घरमालक अगदी 'बसा, चहा घेणार का' म्हणतो, अहो-जाहो सुटत नाही, आणि नाव ऐकल्यावर 'घरी विचारून कळवतो' म्हणून दार लावून घेतो. व्याकरणात कुठेही चूक नाही. पण माणूस जिना उतरतो तो अब्रू गमावून.

हे बोट एकाच दिशेला दाखवून चालणार नाही. मुस्लीम समाजातही बिरादरीच्या नावाने हिणवणे संपलेले नाही. कुराणाच्या एका सूरेत एकमेकांची टर उडवू नका, वाईट नावांनी हाका मारू नका असे स्पष्ट आहे. आणि त्याच सूरेत पुढे, जमाती आणि वंश केवळ ओळखीसाठी आहेत, श्रेष्ठ तोच ज्याचे आचरण ईश्वराच्या भयाने चालते, असे आहे. तरीही पिंजारी, कसाई, फकीर ही कामधंद्याची नावे कुजबुजीत शिवीसारखी वापरली जातात आणि सोयरिकीच्या बैठकीत 'अशराफ' घराण्याची चौकशी होते. मशिदीत एकाच सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहणारे लोक बाहेर पडल्यावर चपला शोधता शोधता ही उतरंड पुन्हा पायात घालतात. याबद्दल रमजानच्या प्रवचनांत जेवढे बोलले जायला हवे तेवढे बोलले जात नाही. तरावीहच्या रकअती आठ की वीस यावर मात्र दरवर्षी वाद रंगतो.

उर्दू लिपीत एक गमतीची अडचण आहे. ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, ते वाचणाऱ्याने भरायचे असतात. 'मोहतरम' लिहायला मीम, हे, ते, रे, मीम अशी पाच अक्षरे लागतात. रे या अक्षरावर जबर मानला तर शब्द होतो मोहतरम, ज्याचा मान राखला जातो तो. त्याच अक्षराखाली जेर मानला तर होतो 'मोहतरिम', म्हणजे मान राखणारा. कागदावर दोन्ही अगदी एकसारखे दिसतात. दुसरा शब्द उर्दूच्या रोजच्या बोलण्यात जवळजवळ वापरला जात नाही. मान घेणाऱ्यासाठी शब्द सगळ्यांना पाठ, देणाऱ्यासाठीचा शब्द व्याकरणाच्या पुस्तकात, अशी ही स्थिती आहे.

काही मोहल्ल्यांत तरुण मुलांनी यंदाच नव्हे तर गेली काही वर्षे आपली रीत बदलली आहे. ती रात्री तरावीहनंतर निघतात आणि पिशव्या दाराशी ठेवून, कडी वाजवून निघून येतात. याद्या दोघा-तिघांनाच माहीत असतात. अजून शेवटचे दहा दिवस बाकी आहेत, जकातचा मोठा हिस्सा याच दिवसांत निघतो, आणि फितरा तर ईदच्या नमाजाआधी पोचायलाच हवा. मांडवाचे पैसे, फ्लेक्सचे पैसे, फोटोवाल्याचे पैसे मिळून आणखी काही घरांचे किट होतात, हा हिशेब कमिट्यांनी एकदा मांडून पाहावा. देणगीदारांना पुरावा लागतो हे खरे आहे, आणि पारदर्शकता हवीच. त्यासाठी भरलेल्या पिशव्यांचा फोटो काढावा, किराणा दुकानाचे बिल आणि घरांचा आकडा जुम्याच्या दिवशी मशिदीच्या फळ्यावर लावावा. घरांची नावे त्या फळ्यावर नकोत.